इंडिकेटर बंद पडला, दोष कुणाचा? – ऊस ट्रॅक्टरच्या वळण-दिव्यांचा स्विच तपासणे व बदलणे





या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत, खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. मात्र तो आपल्या उसाशी आणि त्याहूनही जास्त आपल्या माणसांशी जोडलेला आहे. उसाच्या ट्रॅक्टरचा वळण-दिवा, म्हणजे ज्याला आपण सगळे 'इंडिकेटर' म्हणतो, तो बंद पडला तर दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे, आणि दोष स्विचचाच निघाला तर तो कसा बदलावा, एवढे आज सांगायचे आहे.

कुणी म्हणेल, "सायेब, ऊस खात्याचं आन् इंडिकेटरचं काय नातं?" नाते असे आहे. आपल्या जिल्ह्यात आज सहकारी आणि खाजगी मिळून तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी फिरले आणि ऊस वाढला. हंगाम सुरू झाला की पुणे–सोलापूर–हैदराबाद हमरस्ता, तुळजापूरकडून सोलापूरमार्गे विजयपूरकडे जाणारा रस्ता, मोहोळ–पंढरपूर, टेंभुर्णी, बार्शी, अक्कलकोट या सगळ्या वाटांवर रात्रंदिवस ऊस धावतो. हंगामाच्या तोंडावर कार्तिकी येते, मध्ये माघी येते, शेवटाला चैत्री येते. म्हणजे पंढरीच्या वाटेने दिंड्या चालत असतात त्याच वाटेने आपल्या दोन-दोन ट्रॉल्या जात असतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तोडणी दिवसा होते आणि भरून निघेपर्यंत अंधार पडतो, त्यामुळे उसाची निम्मी वाहतूक तरी अंधारातच होते असे समजा.

आता मागून येणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्यापुढे उसाची काळी भिंत हळूहळू सरकते आहे. ती भिंत उजवीकडे शेताच्या वाटेला वळणार आहे हे त्याला कोण सांगणार? ड्रायव्हरने हात बाहेर काढला तरी दोन ट्रॉल्यांच्या मागून तो दिसत नाही. तो माणूस भोंगा वाजवून उजवीकडूनच पुढे निघतो आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. अशा प्रसंगी दोन घरांत अंधार होतो, ज्याच्यावर ट्रॉली आली त्याच्या आणि ज्याने ट्रॉली वळवली त्याच्याही. नखाएवढ्या पितळी पट्टीवर बसलेली काजळी एवढ्या अनर्थाचे कारण होऊ शकते. म्हणून हा लेख.

नियम काय सांगतो

वळण्याचा इशारा विजेच्या दिव्याने देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ब्युइक मोटारींवर लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसवून येऊ लागले ते १९३९ साली. आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम लागू आहेत. वळण-दिवा पिवळा, केशराकडे झुकणारा असावा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त नसावी, असे नियमात आहे.

हे मोजायला यंत्र लागत नाही. मनगटी घड्याळ लावा आणि १५ सेकंद मोजा. दिवा १५ ते ३० वेळा लागला तर ठीक. त्याहून कमी किंवा जास्त लागला तर काहीतरी बिनसले आहे, आणि हे बिनसणेच पुष्कळदा दोषाचा पत्ता सांगते. ते पुढे येईलच.

वीज कशी फिरते – पाटाच्या पाण्यासारखी

ज्याने उसाला दारं धरली आहेत त्याला हे शिकवायला नको. बॅटरी म्हणजे विहीर. तिथून वीज निघते ती आधी फ्यूजमधून जाते. फ्यूज म्हणजे पाटाच्या बांधात मुद्दाम ठेवलेला कच्चा भाग. पाणी अंगावर आले तर तो आधी फुटतो आणि पुढचे पीक वाचते. फ्यूजनंतर किल्लीचा स्विच, त्यानंतर फ्लॅशर. (काही ट्रॅक्टरांत किल्ली आधी आणि फ्यूज नंतर असतो. त्याने आपल्या तपासणीत फरक पडत नाही.) फ्लॅशर ही अंगठ्याएवढी डबी. तिचे काम एकच, वीज सोडायची आणि अडवायची. 'टिक-टिक' आवाज येतो तो तिचाच.

फ्लॅशरमधून वीज येते ती वळण-स्विचमध्ये. हा आपला दारं धरणारा गडी. दांडा डावीकडे केला की डाव्या चारीला पाणी, उजवीकडे केला की उजव्या चारीला, मध्ये ठेवला की दोन्ही बंद. पुढे वायर, होल्डर, बल्ब. बल्बमधून वीज लोखंडी सांगाड्यावाटे परत बॅटरीच्या वजा टोकाला जाते. या परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणतात. परतीची वाट बंद असेल तर पुढून कितीही पाणी सोडा, शेत भिजत नाही. ट्रॉलीच्या दिव्यांची बहुतेक रडगाणी या परतीच्या वाटेचीच असतात.

आता थोडे गणित. वळण-दिव्याचा बल्ब साधारणपणे १२ व्होल्ट, २१ वॅटचा असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात, म्हणजे एका बल्बला पावणेदोन अँपिअर. ट्रॅक्टरच्या एका बाजूला पुढे एक आणि मागे एक असे दोन बल्ब, म्हणजे साडेतीन अँपिअर. मागे दोन ट्रॉल्या जोडल्या आणि प्रत्येकीचा एक बल्ब धरला तर चार बल्ब, सात अँपिअर. तेवढ्यात कुणी चारही बाजूंचा धोक्याचा स्विच, म्हणजे हॅझर्ड, चालू केला तर दोन्ही बाजूंचे आठ बल्ब, चौदा अँपिअर! ट्रॅक्टरचा फ्लॅशर दोनच बल्बांच्या हिशेबाचा असेल तर तो आणि त्याच्यासोबत स्विच दोघेही रोज दुप्पट ओझे उचलतात. स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात ते यामुळे. 'कंपनीनं स्विच हलका दिला' असे म्हणण्याआधी आपण त्याच्यावर ओझे किती टाकले ते पाहावे.

लक्षणावरून रोग ओळखा

पाना हातात घेण्याआधी नुसते पाहावे. किल्ली चालू करा, दांडा डावीकडे करा, उजवीकडे करा. एक माणूस पुढे आणि एक मागे उभा करा.

१) दोन्ही बाजूंचे सगळेच दिवे बंद – फ्यूज, फ्लॅशर किंवा स्विचपर्यंत येणारी मुख्य वायर. त्यानंतर स्विच.

२) एक बाजू ठीक, दुसऱ्या बाजूचे पुढचे, मागचे आणि ट्रॉलीचे सगळे दिवे बंद – फ्यूज व फ्लॅशर निर्दोष आहेत, कारण दुसरी बाजू त्यांच्यावरच चालली आहे. एका बाजूचे सगळे बल्ब एकदम जाणे विरळा. संशय स्विचवर किंवा स्विचमधून त्या बाजूला निघालेल्या वायरवर.

३) एकाच कोपऱ्यातला एकच दिवा बंद – बल्ब, होल्डर किंवा अर्थ. यात स्विचचा काही संबंध नाही.

४) एका बाजूची उघडझाप फार जलद – आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये याचा अर्थ त्या बाजूचा एक बल्ब गेला, किंवा कुणी कमी वॅटचा वा एलईडी बल्ब बसवला. जुन्या, तार तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलटे होते. बल्ब गेला की उघडझाप मंदावते किंवा थांबते.

५) दिवा लागतो पण लुकलुकत नाही, तसाच जळत राहतो – फ्लॅशर.

६) दांडा थोडा दाबून किंवा हलवून धरला तरच दिवा लागतो, खड्ड्यात विझतो – स्विचची ही जवळजवळ खात्रीची खूण. दांडा कुठल्याच बाजूला टिकत नसेल तरी दोष स्विचचाच.

७) इंडिकेटर दिला की ट्रॉलीचा लाल दिवाही मिणमिणत उघडझाप करतो – अर्थ तुटला आहे. आपली वाट बंद झाली म्हणून वीज दुसऱ्याच्या चारीतून निघाली. दंड फुटला की पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरते तसे.

८) ट्रॉली सोडली की सगळे ठीक, जोडली की बिघाड – ट्रॉलीची वायर, सॉकेट, अर्थ किंवा फ्लॅशरची ताकद.

ही आठ लक्षणे कापून ट्रॅक्टरच्या टपाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावीत.

एका सभासदाचे उदाहरण

गेल्या काही हंगामांत आम्ही पाहिलेल्या प्रकारांपैकी एक सांगतो. एका सभासदाच्या ट्रॅक्टरचा उजवा इंडिकेटर मागच्या ट्रॉलीवर लागत नव्हता. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने स्विच बदलला. चार दिवस बरे चालले, पुन्हा बंद. दुसरा स्विच आला, पुन्हा तेच. सभासद वैतागून गाडीतळावर म्हणाले, "दोन स्विच खाल्ले ह्यानं, आता ट्रॅक्टरच इकायचा का?" ट्रॅक्टरचे पुढचे-मागचे दिवे मात्र दोन्ही बाजूंना ठणठणीत होते. म्हणजे स्विच काम करत होता. वरच्या यादीत पाहा, हे तिसरे आणि आठवे लक्षण. ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर नव्हतीच. वीज परत यायची ती हुकाच्या पिनेतून. पिनेला ग्रीस, गंज आणि रस्त्याची माती. खडखडाट झाला की लोखंड लोखंडाला लागायचे आणि दिवा पेटायचा. मोकळ्या सपाट रस्त्यावर विझायचा. ट्रॉलीच्या सांगाड्यापासून सॉकेटपर्यंत एक वायर ओढली आणि रोग गेला. खर्च दोन स्विचचा झाला, दोष निघाला एका वायरचा.

यात धडा एवढाच की आधी तपासावे आणि मग बदलावे. माती-परीक्षण न करता खताची पोती ओतणे आणि दिवा न लावून पाहता स्विच बदलणे, दोन्ही सारखेच.

तपासणीचे साहित्य

२१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर, दोन हात-दोन हात लांबीच्या दोन वायरी, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सोललेली तार किंवा खिळा. झाला टेस्ट लँप. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण मीटरपेक्षा हा बल्ब एका बाबतीत सरस आहे. सडलेल्या वायरच्या एका काडीतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र तिथे मिणमिणतो आणि खरे काय ते सांगतो. शिवाय पेचकस, पाने, पकड, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि वीतभर वायरचा एक तुकडा जवळ असू द्यावा.

पायरीपायरीने तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हॅंडब्रेक ओढलेला. ट्रॉली सोडून ठेवा. आधी ट्रॅक्टर तपासायचा आणि मगच ट्रॉली.

पायरी १ : टेस्ट लँपचा चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला आणि खिळा अधिक टोकाला लावा. तो लख्ख लागला पाहिजे. मिणमिणला तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स पाहा, पुढचे नंतर. हा लख्खपणा डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी त्याच्याशी तुलना करायची आहे.

पायरी २ : किल्ली चालू करा. चिमटा वजा टोकालाच राहू द्या. खिळा फ्यूजच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला लावा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला लागला तर फ्यूज उडाला आहे. दुसरा तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून सांगाड्याला चिकटली आहे, ती शोधा.

पायरी ३ : फ्लॅशर शोधा. त्याच्या एका पायावर 'बी' किंवा '४९' असे लिहिलेले असते, तिथे वीज येते. 'एल' किंवा '४९ए' या पायातून ती स्विचकडे जाते. 'बी'वर लँप लागला पाहिजे. मग दांडा एका बाजूला करून 'एल'वर लावा, तिथेही लागला पाहिजे. लुकलुकला तर उत्तमच. 'बी'वर वीज आहे, 'एल'वर नाही, तर फ्लॅशर मेला. खात्री करायची तर 'बी' आणि 'एल' यांच्या वायरी क्षणभर तुकड्याने जोडा. त्या बाजूचे दिवे स्थिर लागले तर स्विच निर्दोष आणि फ्लॅशर दोषी.

पायरी ४ : आता स्विच. त्याच्या मागचा प्लग दिसेल एवढे झाकण उघडा. फ्लॅशरकडून आलेल्या वायरवर लँप लावा. इथे वीज हवी. मग दांडा डावीकडे करून डाव्या वायरवर आणि उजवीकडे करून उजव्या वायरवर लावा. येणाऱ्या वायरवर वीज आहे, जाणाऱ्या वायरवर नाही किंवा मिणमिणती आहे, तर चोर सापडला. जाणाऱ्या वायरवर लँप नीट लुकलुकत असेल तर स्विचला हात लावू नका. दोष पुढे, वायर, होल्डर, बल्ब किंवा अर्थमध्ये आहे.

पायरी ५ : निकालाची चाचणी. वायरच्या तुकड्याने स्विचची येणारी वायर थेट जाणाऱ्या वायरला जोडा, म्हणजे दारं धरणाऱ्या गड्याला बाजूला करून पाणी थेट चारीत सोडा. आता त्या बाजूचे दिवे लुकलुकले तर स्विचशिवाय बाकी सगळे ठीक आहे हे पक्के झाले. नवा स्विच आणायला खुशाल जा. तुकड्याचे टोक सांगाड्याला लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

ज्या वाहनाला हॅझर्डचा स्विच आहे तिथे आणखी एक सोपी खूण. हॅझर्डवर सगळे दिवे लागतात आणि दांड्यावर मात्र नाहीत, तर बल्ब, होल्डर आणि अर्थ निर्दोष. शोध स्विच आणि त्याला येणाऱ्या वायरीपुरता उरतो.

स्विच बदलताना

१) नवा स्विच आणायला जाताना जुना स्विच किंवा निदान त्याचा फोटो सोबत न्या. ट्रॅक्टरचे मॉडेल आणि साल सांगा. पायांची संख्या आणि प्लगचा आकार जुळवून पाहा. बाहेरून सारखे दिसणारे स्विच आतून वेगळे असू शकतात.

२) किल्ली बंद. मग बॅटरीची वजा बाजूची केबल आधी सोडा. जोडताना ती शेवटी जोडायची. कारण अधिक टोक आधी सोडायला गेलात आणि पाना लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते.

३) स्विच कसा बसवला आहे ते पाहा. काहींत तो डॅशबोर्डवर असतो, मूठ काढून बाहेरचे गोल नट सोडले की आतून निघतो. काहींत स्टीअरिंगच्या दांड्याला पट्टीने आवळलेला असतो, झाकणाचे दोन-तीन स्क्रू काढले की दिसतो. ताकद लावावी लागली तर थांबा, एखादा स्क्रू राहिला आहे.

४) वायरी काढण्याआधी मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो घ्या. शिवाय प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर 'येणारी', 'डावी', 'उजवी' असे लिहा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. आधी कुणी हात घातला असेल तर रंग बदललेले असतात.

५) प्लग ओढताना त्याच्या अंगाला धरून ओढा, वायरीला धरून नव्हे. आतली हिरवट बुरशीसारखी पूड पॉलिश पेपरने काढा. सैल टर्मिनल पकडीने हलकेच दाबून घट्ट करा. टर्मिनल काळे पडले असेल किंवा प्लगचे प्लास्टिक वितळले असेल तर नवे टर्मिनल टाका. नाहीतर नवा स्विचही त्याच वाटेने जाईल.

६) नवा स्विच जोडा, पण लगेच आवळू नका. वजा केबल लावा, किल्ली चालू करा. डावे, उजवे, मधले असे तिन्ही पाहा. १५ सेकंदांची मोजणी करा. मग केबल पुन्हा सोडून स्विच आवळा.

७) स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पुरते फिरवून पाहा. वायर कुठे चेंगरत किंवा ताणली जात नाही ना? हॉर्न आणि मोठा दिवा त्याच दांड्यावर असेल तर तेही तपासा.

जुना स्विच उघडून साफ करता येतो का, असे पुष्कळजण विचारतात. नुसती धूळ-मळी असेल तर बॅटरी सोडून, कॉन्टॅक्ट साफ करण्याच्या फवाऱ्याने तो काही दिवस चालेल. पण पितळी पट्टी जळून खड्डा पडला असेल किंवा स्प्रिंग बसली असेल तर डागडुजीत अर्थ नाही.

जीप आणि मोटार असेल तर

तत्त्व तेच. जीप-मोटारीत वळण पुरे झाले की दांडा आपोआप मध्ये येतो. त्यासाठी स्टीअरिंगखाली एक प्लास्टिकची चोच असते. ती तुटली की दिवे लागतात, पण दांडा परत येत नाही किंवा टिकत नाही. तिथेही स्विचच बदलावा लागतो. मात्र ज्या गाडीच्या स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे ती घरी उघडू नये. ती पिशवी स्फोटकाने फुगते आणि चुकून फुगली तर तोंड-हात भाजतात, मोडतात. तपासणी आपण करावी, स्विच बदलण्याचे काम जाणकाराकडे द्यावे.

ट्रॉलीकडे वळू

ट्रॅक्टर ठीक झाला की ट्रॉली जोडा. चार गोष्टी पाहा. पहिली, अर्थची वेगळी वायर आहे का. पिनेवर विसंबू नका. दुसरी, सॉकेटला झाकण आहे का. त्यात माती, पाणी आणि उसाचा चिकट रस जातो. तिसरी, वायर नळीत घातली आहे का. उघडी वायर मोळ्या चढवताना तुटते. चौथी, दोन्ही ट्रॉल्यांचे मिळून किती बल्ब होतात आणि फ्लॅशरवर किती वॅट लिहिले आहेत ते जुळते का. जुळत नसेल तर जास्त ताकदीचा फ्लॅशर बसवा, आणि ट्रॉलीच्या दिव्यांना रिले घालून वेगळ्या फ्यूजमधून वीज द्या. म्हणजे स्विचवरचे ओझे उतरेल.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी कुणी घालू नये. फ्यूज उडत नाही तेव्हा वायर तापते. वायरीच्या आजूबाजूला वाळलेले पाचट असते. पुढे काय होईल हे उसवाल्याला सांगायला नको.

आणि दिवे चालू असूनही न दिसले तर उपयोग काय? मोळ्या बाहेर लोंबकळतात, वाढे दिव्यांवर येते. भरताना मागच्या फळीकडे लक्ष द्यावे, बांधणी झाल्यावर दिवा झाकणारे वाढे छाटून टाकावे. लाल-पांढऱ्या चमकपट्ट्या धुळीने आंधळ्या होतात, त्या खेपेगणिक ओल्या फडक्याने पुसाव्यात. बैलगाडीला विजेचा दिवा नसतो, तिला तर ही पट्टीच आधार. ती मागे आणि दोन्ही बाजूंना लावावी.

वाटेत बंद पडला तर

रात्री भरल्या ट्रॉलीनिशी इंडिकेटर गेला तर हमरस्त्यावरून उजवीकडे वळण्याचे धाडस करू नये. डाव्या बाजूला पक्क्या कडेवर गाडी घ्यावी, हॅझर्ड चालत असेल तर लावावा, नसेल तर मागे त्रिकोणी चमकफलक ठेवावा. आधी फ्यूज पाहावा, मग सॉकेट काढून पुन्हा बसवावे. निम्म्या वेळा एवढ्यानेच दिवा येतो. नाहीच आला आणि वळणे भागच असेल तर सोबतच्या माणसाने रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून विजेरी दाखवावी, दोन्हीकडून रस्ता मोकळा झाला की मगच वळावे. दगड ठेवून खूण केली असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाकावा. मागच्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.

कुणी म्हणेल, "इतका येळ कुणाला हाय? काट्यावर नंबर जातोय." नंबर जातो हे खरे, उशीर झाला की उसाचे वजन घटते हेही खरे. पण वरची सगळी तपासणी सरावाने अर्ध्या तासात होते. ती हंगाम सुरू होण्याआधी एकदा निवांतपणे करावी, आणि मग प्रत्येक खेपेला निघताना डावा, उजवा, लाल दिवा आणि पट्टी एवढे दोन मिनिटांत पाहावे. ड्रायव्हरने दांडा टाकायचा, मुकादमाने किंवा टोळीतल्या पोराने मागे उभे राहून हात वर करायचा. हात वर झाला तरच गाडी फडातून हलेल, अशी शिस्त मालकानेच लावून द्यावी. ड्रायव्हर परगावचा असतो, त्याला नवा बल्ब मागायला संकोच वाटतो. मालकाने आपणहून दोन बल्ब, चार फ्यूज आणि एक टेस्ट लँप टूलबॉक्समध्ये टाकून द्यावेत.

आपल्या गट कार्यालयांत टेस्ट लँपचा एक-एक नमुना ठेवला आहे. सभासदांनी, ड्रायव्हर मंडळींनी तो पाहावा आणि तसा बनवून घ्यावा. शंका असल्यास शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारण्यास संकोच करू नये. उसाचे टनेज वाढावे ही आमची इच्छा आहेच. पण शेवटची खेप गव्हाणीत पडेल त्या दिवशी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, आपला आणि परका, आपापल्या घरी पोचलेला असावा, ही इच्छा त्याहून मोठी आहे.



– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते